कोलंबस आणि सपाट पृथ्वी: ही भानगड अर्विंगची
कोलंबस निघाला तेव्हा सगळ्यांना पृथ्वी सपाट वाटायची, जहाज कडेवरून खाली पडेल म्हणून घाबरायचे, हे आपण शाळेपासून ऐकतोय ना, ते साफ चुकीचं आहे. पृथ्वी गोल आहे हे शिकलेल्या लोकांना आधीच माहीत होतं, ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने तर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच तिचा घेर मोजलेला. वाद होता पश्चिमेकडून आशियाला पोचायच्या अंतराचा, ते त्याला फारच कमी वाटलं आणि त्यात कोलंबसच चुकला होता, मध्ये अमेरिका लागली म्हणून वाचला बिचारा!

ही सपाट पृथ्वीची गोष्ट घरोघरी पोचवली अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंगने. 1826 ला तो माद्रिदला गेला, तिथे जुनी कागदपत्रं चाळली आणि 1828 ला कोलंबसचं चरित्र काढलं, त्यात स्पेनमधल्या सालामांकाचे पंडित कोलंबसला विरोध करतात तो सीन जरा जास्तच रंगवला. रिप व्हॅन विंकल लिहिणारा माणूस, मसाला घालणारच की. पुढे 1842 ला अमेरिकेने त्यालाच स्पेनमध्ये आपला दूत म्हणून पाठवलं.