तीन पायऱ्या आणि साडेपाच मीटर

"रॅम्प केलाय ना, मग घर सगळ्यांच्या सोयीचं झालं." घर बांधणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. प्रत्यक्षात पाहावं तर पायऱ्यांशेजारी उरलेल्या जागेत कसाबसा बसवलेला, घसरगुंडीसारखा उतार असतो. हेतू चांगलाच असतो, चुकतं ते गणित. आणि ते आपण सगळे शाळेत शिकलो आहोत.

उतरण हे साधं यंत्र. उंची तीच ठेवून अंतर वाढवलं की बल कमी लागतं. समजा जोतं 45 सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या. माणूस आणि व्हीलचेअर मिळून वजन 90 किलो. अनेक देशांच्या बांधकाम नियमांत 1:12, म्हणजे एक भाग उंचीला बारा भाग लांबी, हा चढाचा ठरलेला आकडा दिसतो. त्या हिशेबाने रॅम्प हवा 5.4 मीटर लांब, आणि घर्षण सोडून दिलं तर साडेसात किलो वजन उचलण्याइतका जोर लागेल. जागा नाही म्हणून 2.7 मीटरमध्ये, म्हणजे 1:6 ने उरकलं, तर पंधरा किलो.

दुप्पट जोर लागेल, एवढंच ना? नाही. खरी गंमत पुढे आहे.

हाताने चालवायची खुर्ची सलग ढकलली जात नाही. चाकाच्या कडीला एक रेटा द्यायचा, हात सोडायचा, मागे न्यायचा, पुन्हा पकडायचं. यात अर्धा ते पाऊण सेकंद खुर्ची कुणाच्याच हातात नसते. सपाट, टणक फरशीवर बिघडत नाही. जडत्वामुळे ती पुढे जात राहते. चढावर मात्र गुरुत्वाकर्षण तिला सतत मागे ओढतं. 1:12 च्या चढावर हे मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, सेकंदाला सेकंदामागे 0.8 मीटर असतं. खुर्चीचा वेग सेकंदाला 0.8 मीटर असेल तर ती थांबायला एक सेकंद लागतो, तोवर हात परत कडीवर आलेला असतो. 1:6 वर ती अर्ध्या सेकंदातच थांबते आणि मागे घरंगळू लागते. म्हणजे प्रत्येक रेट्यातली काही कमाई पुढच्या पकडीआधीच वाया जाते. 1:12 वरही दम लागतोच. जागा असेल तर 1:20 करावा.

शिवाय तोल. माणूस आणि खुर्चीचा मिळून गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, जमिनीपासून 60 सेंटिमीटर वर आणि मागच्या चाकांच्या आसापुढे 10 सेंटिमीटर आहे असं धरा. चढावर गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा मागे सरकतो: 1:12 वर 5 सेंटिमीटर, 1:6 वर पूर्ण 10. म्हणजे तो थेट चाकाच्या टेकणबिंदूवर आला! आता जरा जोराचा रेटा दिला की पुढची चाकं उचलली जाऊन माणूस पाठीवर पडणार. चढताना लोक पुढे वाकतात ते यासाठीच.

रोनाल्ड मेस या अमेरिकी वास्तुविशारदाने 'युनिव्हर्सल डिझाइन' हा शब्दप्रयोग रूढ केला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तो स्वतः व्हीलचेअर वापरायचा. अपंगांसाठी वेगळी सोय न करता मुळातली रचनाच जास्तीत जास्त लोकांना वापरता येईल अशी करावी, हे त्याचं म्हणणं. बाबागाडी ढकलणारी आई, गुडघे दुखणारे आजोबा आणि प्लास्टरमध्ये पाय असलेला मुलगा तोच रॅम्प वापरतात. दाराला गोल मुठीऐवजी आडवी दांडी बसवली तर ती तरफ होते. सांधे दुखणाऱ्याला ती कोपरानेही दाबता येते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, म्हणून रॅम्पची कड ठळक वेगळ्या रंगाची हवी आणि दिवा भरपूर.

हुकूम दिल्यावर दिवे लावणारं 'स्मार्ट' घर सर्वांसाठी सुलभ म्हणून विकलं जातं, तेव्हा मला राग येतो. त्याच घराच्या उंबरठ्याला दोन सेंटिमीटरची उभी कड असली, तरी व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तिथे अडतात. त्यावर कुठलंही ॲप चालत नाही.

आता रॅम्पचं वरचं टोक. उतार थेट दाराशी संपवू नका. दाराची कडी उघडायला एक हात लागतो; उरलेल्या हाताने एकच चाक धरता येतं, दुसरं मोकळं सुटतं आणि खुर्ची धरलेल्या चाकाभोवती गर्रकन फिरते. दारासमोर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा हवी, आणि तिची लांबी त्या 5.4 मीटरमध्ये धरायची नाही.