खिडकी वाळवीनं खाल्ली की पाण्यानं?

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरात पश्चिमेकडे एक जुनी दोन झडपांची खिडकी आहे. तिच्यावर मी लागोपाठ दोन वर्षं वाळवीचं औषध मारून घेतलं. पहिल्या वर्षी माणसं आली, चौकटीला भोकं पाडली, पिचकारीनं औषध भरलं, पैसे घेतले आणि गेली. दुसऱ्या वर्षी चतुर्थीच्या साफसफाईत खालच्या कोपऱ्यावरून फडकं फिरवताना माझं बोट सरळ लाकडात गेलं. पुन्हा फोन, पुन्हा औषध. तिसऱ्या वर्षी बिजागरी स्क्रूंसकट हातात आली, तेव्हा गावातल्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावलं. त्यांनी पेचकसानं दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं आणि मग खिडकीकडे बघायचंच सोडलं. मान वर करून छज्जा पाहिला, वाकून खिडकीखालचा कट्टा पाहिला आणि म्हणाले, "हांगा उदक रावता."

इथं पाणी थांबतं, एवढंच त्यांचं निदान. वाळवी त्या खिडकीत कधी आलीच नव्हती. लाकूड कुजलं होतं, आणि कुजलेल्या लाकडावर वाळवीचं औषध म्हणजे पाय मोडलेल्याला तापाची गोळी.

गोव्यात लाकूड पोकळ झालं की सगळे एकच शब्द उच्चारतात: वाळवी. दोष कुणाला द्यायचा? कूज असो की वाळवी, दोन्हींत लाकूड मऊ होतं, रंगाचा पापुद्रा सुटतो, भुगा पडतो आणि दोन्हींचा पत्ता पावसाळ्याच्या आसपासच लागतो. पण एक काम बुरशीचं आहे आणि दुसरं किड्याचं. एक पाण्यावर जगते, दुसरी मातीतून येते. त्यामुळे दुरुस्तीही दोन वेगळ्या टोकांनी सुरू करावी लागते.

आधी कूज. लाकूड कुजतं म्हणजे त्यात बुरशीचे बारीक धागे शिरतात आणि लाकडाचा ताठपणा ज्यावर उभा आहे तेच पचवून टाकतात. त्यासाठी लाकूड नुसतं दमट असून भागत नाही, ते भिजलेलं लागतं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी लाकडात मुरलं की कूज जोरात सुरू होते. ते २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर बहुधा सुरूच होत नाही. जुलैतल्या आपल्या चिंब हवेत, छपराखाली राहिलेलं लाकूड साधारण २० टक्क्यांपर्यंत पोचतं. म्हणजे गोव्याची हवा एकटी खिडकी कुजवत नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातलं पाणी कुठंतरी साचतं, फटीत शिरतं आणि बाहेर यायला वाट सापडत नाही, तेव्हा खिडकी कुजते. पावसाळ्यात झडपांवर जी हिरवट-पांढरी भुरी चढते, तिला घाबरू नका. ती वरवरची असते, ओल्या फडक्यानं पुसली जाते. ती दर वर्षी त्याच कोपऱ्यात येत असेल तर मात्र तो कोपरा लक्षात ठेवा.

कूज दिसते कशी? आमच्या खिडकीचा तुकडा मेस्तांनी काढून माझ्या हातावर ठेवला तेव्हा तो गडद तपकिरी होता आणि त्यावर उभ्या-आडव्या चिरा पडून चौकोनी ठोकळ्या झाल्या होत्या, जळक्या लाकडाच्या कोळशावर पडतात तशा. चिमटीत दाबला तर त्याचं पीठ झालं. ही तपकिरी कूज. दुसऱ्या प्रकारात लाकूड फिकट, पांढुरकं होतं आणि त्याचे ओलसर धागे सुटतात. दोन्हींना ओल्या मातीचा, अळंब्यांसारखा वास येतो. पेचकस टोचून वर उचकटला तर चांगल्या लाकडाची लांब ढलपी निघते आणि ती तडकताना आवाज होतो. कुजलेलं लाकूड तिथल्या तिथं, आखूड, बिनआवाजाचं तुटतं. ही परीक्षा फुकट आहे आणि मी ती पहिल्या वर्षीच करायला हवी होती.

वाळवीचा कारभार वेगळा. आपल्याकडे घराला लागणारी वाळवी बहुतेक वेळा जमिनीतली असते. राणी आणि वसाहत मातीत, खिडकीपासून कितीतरी दूर. आपल्या चौकटीत दिसतात ते कामकरी: पांढुरके, मऊ अंगाचे, आंधळे. उघड्या हवेत ते वाळून मरतात, म्हणून मातीचे बंद बोगदे बांधत चालतात. आपल्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या भरलेल्या फटी, बरेचदा मातीच्या. बाहेर एकही बोगदा न दिसता वाळवी त्या दर्जांतूनच चढते आणि चौकटीच्या भिंतीला टेकलेल्या अंगातून आत शिरते. म्हणून तिचं काम मागून पुढं चालतं. आपल्याकडे तोंड करून असलेला ऑइलपेंट ती शाबूत ठेवते, तोच तिचा आडोसा. बाहेरून चौकट चकचकीत आणि आत सगळं रिकामं. बोटाच्या पेरानं ठोकलं तर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा आवाज येतो.

ते लाकूड उघडून पाहिलं तर फरक लगेच कळतो. वाळवी लाकडाच्या रेघांबरोबर, लांबीत खाते. मऊ थर खाते आणि कडक थर मागं ठेवते, त्यामुळे जुन्या वहीची पानं उभी करून ठेवल्यासारखे पापुद्रे राहतात आणि त्यांच्यामध्ये माती असते. माती ही तिची सही. कुजलेल्या लाकडात चिखल लिंपलेला नसतो. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली उधई घिरट्या घालते आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा सडा पडलेला असतो, तोही एक पुरावा. पण तो बाहेरून उडत आलेल्या पाहुण्यांचाही असू शकतो. पंख बंद खोलीत, चौकटीच्या फटीपाशीच सापडले तर चिंता करा. बोगदा दिसला तर झाडूनं साफ करून मोकळे होऊ नका. मधला वीतभर तुकडाच मोडा आणि चार दिवसांनी पाहा. बुजवलेला असेल तर वाळवी आत कामावर आहे.

एका वाक्यात वेगळेपण सांग म्हटलं तर मी कुठून सुरुवात झाली ते बघायला सांगेन. कूज पावसाच्या अंगानं येते: बाहेरून, खालून, सांध्यातून, आणि नैर्ऋत्येचा वारा झोडपतो त्या बाजूच्या खिडक्यांत आधी. वाळवी भिंतीच्या अंगानं येते, आणि तिला दिशेचं सोयरसुतक नाही. पूर्वेकडची, खोल ओसरीतली, कधी थेंब न लागलेली चौकट पोकळ झाली तर कुजीवर संशय घ्यायला जागाच नसते.

मधेच दोन तोतये आहेत, त्यांना चटकन वाटेला लावतो. चौकटीखाली खसखशीसारखे कोरडे, सारखे दाणे पडत असतील आणि माती कुठंच नसेल, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमीन लागत नाही, ती लाकडातच संसार करते. आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांतून टाल्कम पावडरीसारखं पीठ गळत असेल तर तो भुंगेरा, बहुतेक नव्या, स्वस्त लाकडातला. या दोघांसाठी जमिनीत औषध ओतून काही होत नाही. लाकडातच औषध भरावं लागतं, नाहीतर तुकडा बदलावा लागतो.

आता गुंता. कूज आणि वाळवी एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. ओलं, मऊ पडलेलं लाकूड वाळवीला आवडतं, त्यामुळे आधी पाण्यानं कोपरा सडवला आणि मग वाळवीनं ताबा घेतला असं आपल्याकडे सर्रास होतं. तिथं माती दिसली म्हणून नुसतं औषध मारलं तर वाळवी जाते आणि सडणं चालू राहतं. दोन्ही चिन्हं दिसली तर दोन्ही कामं करायची. त्यात पाण्याचं आधी.

पाण्याचं काम म्हणजे काय, ते मेस्तांनी आमच्या खिडकीवर दाखवलं. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच होती, ती रंगाच्या थरांनी बुजली होती, म्हणून पाणी कडेवरून न टपकता उलटं भिंतीकडे ओघळत होतं. खालचा कट्टा कधीतरी नव्यानं गिलावा करताना आतल्या बाजूला उतरता झाला होता. काचेभोवतीचं लुकण तडकलं होतं. आणि सगळ्यात वाईट, चौकटीच्या खालच्या फटीत मी हौसेनं सिलिकॉन भरलं होतं. वरून आत शिरलेलं पाणी त्याच फटीतून बाहेर पडत होतं, ती वाट मी स्वतः बंद केली होती. मेस्त काही बोलले नाहीत, नुसतं ते सिलिकॉन ओढून काढलं, लांबलचक गांडुळासारखं.

मग सडका भाग कापला. जिथं चांगलं लाकूड लागलं तिथं न थांबता आणखी चार बोटं पुढं, कारण बुरशीचे धागे नजरेला दिसतात त्याच्या पुढं गेलेले असतात. त्या जागी जुन्याच सागवानाचा तुकडा तिरका सांधा देऊन बसवला. सांध्याचा उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी आत खेचलं जात नाही. लाकडाची कापलेली टोकं पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट पाणी पितात, म्हणून तुकडा बसवण्याआधी टोकांना प्रायमरचे दोन हात. बोटभर खड्डे असतील तर लाकडाची इपॉक्सी भरून चालतं, पण ती कोरड्या, घट्ट लाकडालाच धरते. भिजलेल्या भुग्यात इपॉक्सी भरणं म्हणजे किडक्या दातावर सोन्याची टोपी. हे सगळं जानेवारी ते एप्रिलमध्ये करावं. मिरगाच्या तोंडावर सुताराला गाठलं तर ओल्या लाकडावर रंग चढतो आणि आतली ओल आतच कोंडली जाते.

वाळवीचं काम याच्या उलट, चौकटीपासून नाही तर जमिनीपासून सुरू होतं. बांधून झालेल्या घरासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. त्याप्रमाणे भिंत आणि जमीन मिळतात तिथं साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून खालच्या मातीत औषध सोडतात, भिंतीच्या दर्जांत भरतात, आणि मग चौकटीत. नुसती चौकट टोचून गेलेला माणूस कामकऱ्यांना मारतो, राणीला वार्ताही लागत नाही. रॉकेल ओतण्याचंही तेच: वास असेतो वाळवी दुसरी वाट धरते. काजूच्या टरफलांचं तेल जुनी माणसं लाकडाला लावत, ते खरंच उपयोगी आहे, पण नव्या किंवा उघड्या लाकडाला. पोखरून झालेल्याला नव्हे. आणि हातमोजे घाला, कातडी भाजते.

'सागवानाला वाळवी लागत नाही' हे अर्धंच खरं आहे. सागाचा गडद गाभा दोघींनाही दाद देत नाही. सालीकडचं फिकट लाकूड दोघीही आनंदानं खातात, आणि लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात तेच जास्त असतं. म्हणून आजोबांच्या काळची चौकट नव्वद टक्के शाबूत असताना ती फेकून नवं सागवान आणू नका. शिंपल्यांची तावदानं असतील तर आणखी जपून. शिंपला चुनखडीचा, त्याला ना वाळवी खाते ना बुरशी; जातात त्या त्याला धरणाऱ्या बारीक लाकडी पट्ट्या, कारण त्यांच्या खाचेत पाणी बसतं. पट्ट्या बदलता येतात. तशी झडप भंगारात काढली की मग ती परत उभी करायला कारागीर शोधत फिरावं लागतं.

शेजारच्यांनी कंटाळून सगळ्या खिडक्या अॅल्युमिनियमच्या केल्या. कुजीचा प्रश्न सुटला, हे कबूल. वाळवी मात्र भिंतीतच होती. ती दोन वर्षांनी कपड्यांच्या कपाटात निघाली.

काम संपवून निघताना मेस्तांनी सवयीनं घरातल्या इतर चौकटींवर पेचकसाची मूठ ठोकत फेरी मारली. ठक, ठक, ठक. देवघराच्या खिडकीपाशी आवाज बदलला. ती पूर्वेकडची, ओसरीच्या आतली, गेल्याच दिवाळीला रंगवलेली, घरातली सगळ्यात देखणी चौकट. त्यांनी टोक जरासं दाबलं. रंग कागदासारखा फाटला आणि आतून सुकी माती ओघळली. औषधवाल्यांना मी तिसऱ्यांदा फोन केला. या वेळी खिडकी दाखवली ती दुसरी, आणि भोकं जमिनीत पाडून घेतली.