पाठाचे उद्दिष्ट आले परीक्षकांकडून

‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची बेरीज समजावून देणे’ असे पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, लिहिले, की त्यात दिसते ते शिक्षकाचे काम. तास संपल्यावर मुलाला काय करता येईल, याचा पत्ता त्यातून लागत नाही. ही उणीव सर्वांत जास्त खटकली ती परीक्षा घेणाऱ्यांना. उद्दिष्टलेखनाचे बळ आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही मला तिथूनच आलेल्या वाटतात.

सुरुवात मात्र वेगळी होती. अमेरिकेत फ्रँकलिन बॉबिट यांनी १९१८ मध्ये प्रौढांच्या कामांचे पृथक्करण करून अभ्यासक्रम ठरवावा, असे मांडले. कारखान्यांतल्या कार्यक्षमतेच्या विचारांचा तो काळ. उद्दिष्टांच्या याद्या शेकड्यांत गेल्या.

खरे वळण दिले राल्फ टायलर यांनी. ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापकांच्या चाचण्या सुधारताना त्यांच्या लक्षात आले, की पाठांतर तपासणाऱ्या प्रश्नांवरून विद्यार्थ्याची अनुमान काढण्याची क्षमता कळत नाही. मग ते प्राध्यापकांनाच विचारत: शिकलेला विद्यार्थी नेमके काय करू शकला पाहिजे? १९४९ मध्ये त्यांनी उद्दिष्टाचे दोन भाग सांगितले: अपेक्षित वर्तन, आणि ते ज्या आशयाबाबत दिसावे तो आशय.

टायलर यांचेच शिष्य बेंजामिन ब्लूम शिकागो विद्यापीठात परीक्षांचे काम पाहत. १९४८ मध्ये बॉस्टनला महाविद्यालयीन परीक्षक जमले, ते एकमेकांचे प्रश्न वापरता यावेत यासाठी समान भाषा हवी म्हणून. त्यातून १९५६ चे शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण निघाले: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. प्रश्नांची मांडणी करायला केलेली ही उतरंड पुढे जगभर पाठ नियोजनाचा पाया झाली.

१९६२ मध्ये रॉबर्ट मेगर यांनी सूत्र आणखी आवळले. क्रमान्वित अध्ययनाचे, म्हणजे लहान लहान पायऱ्यांनी स्वतःच शिकायचे, साहित्य शिक्षकाविना चालायचे, तेव्हा संदिग्धता परवडणारी नव्हती. दिसणारी कृती, ती कोणत्या परिस्थितीत करायची आणि किती अचूकतेने, हे तिन्ही त्यांना हवे होते. ‘भिन्न छेदांच्या दहा बेरजांपैकी किमान आठ मदतीशिवाय बरोबर सोडवतो’ हे त्या साच्यातले वाक्य. ‘समजणे’, ‘जाणणे’ ही क्रियापदे त्यात बसत नाहीत.

पण कविता वाचून मूल काय करेल, हे आधी कसे लिहायचे? चित्रकलेतून शिक्षणाकडे आलेल्या एलियट आयस्नर यांनी १९६७ मध्ये हाच आक्षेप घेतला: शिकण्याची काही फळे अनुभव घेतल्यावरच कळतात. अशा पाठांसाठी त्यांनी पुढे अभिव्यक्तिपर उद्दिष्टांची कल्पना मांडली. त्यांत निष्पत्ती न सांगता मुलांनी कोणत्या अनुभवाला सामोरे जायचे तेवढेच ठरवायचे. मला हा आक्षेप रास्त वाटतो, आणि गणिताच्या टाचणाला मेगरच लागतात असेही वाटते.

२००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ब्लूम यांच्या पायऱ्यांना क्रियापदांचे रूप दिले, ‘निर्माण करणे’ ही पायरी सर्वांत वर ठेवली, आणि कृतीसोबत ज्ञानाचा प्रकारही नोंदवायला सांगितला. टायलर यांचे वर्तन आणि आशय हे दोन भाग त्यामुळे पुन्हा एकाच तक्त्यात आले.