सी-पर्लिन की झेड-पर्लिन? आधी गाळे मोजा

मागच्या आठवड्यात निफाडकडचे एक बागायतदार अंबडला आमच्या वर्कशॉपवर आले. शेडच्या पर्लिनचं कोटेशन वाचून म्हणाले, "दादा, वजन दोन्हीचं सारखंच, मग झेड कशाला? सी टाकून मोकळे व्हा की."

वजन सारखं असतं हे खरंच. 150 मिमी उंची, 60 चे फ्लँज (वर-खालच्या आडव्या पट्ट्या), 20 ची लिप (त्यांची दुमडलेली कड), 2 मिमी जाडी: सी वळवा नाहीतर झेड, मीटरला पावणेपाच किलोच्या आसपासच भरते. कामही एकच. कौलारू घरात वाशांवर आडव्या रिपा, तशी रॅफ्टरवर आडवी पर्लिन, तिच्यावर पत्रा.

फरक पडतो तो सांध्यावर. सीचे दोन्ही फ्लँज एकाच बाजूला, त्यामुळे एक तुकडा दुसऱ्यात बसत नाही. प्रत्येक गाळ्यात, म्हणजे दोन रॅफ्टरमधल्या अंतरात, ती सुटी राहते. झेडचे फ्लँज उलटसुलट, त्यात एक किंचित अरुंद. म्हणून एक दुसरीवर चपखल बसते आणि रॅफ्टरवर जाडी दुप्पट होते. सलग पर्लिनला वाकवणारा जोर सगळ्यात जास्त असतो तोही तिथेच. समजा 6 मीटरचे पाच गाळे आहेत आणि आतल्या चारही रॅफ्टरवर दोन्हीकडे 600 मिमी लॅप (एकमेकींवर चढलेला भाग) धरलाय. 30 मीटरला 34.8 मीटर माल लागेल, म्हणजे 16 टक्के जास्त. पण सलगपणामुळे बऱ्याचदा जाडी कमी करता येते आणि ते पैसे वसूल होतात. लॅप न देता झेड नुसती टोकाला टोक लावणार असाल तर ती घेऊच नका.

पिंपळगावच्या एका पॅकहाऊसवर आमच्याच पोरांनी सगळ्या झेड रुंद फ्लँज वर ठेवून चढवल्या. लॅप बसेना, तर एकाने घण काढला! दोन तुकडे खाली घेऊन टेप लावली, तेव्हा त्याला पटलं. एकाआड एक तुकडा उलथा करायचा. झेड उलथी केली तरी झेडच दिसते, फक्त रुंद फ्लँज खाली जातो. मग हाताने दाबलं तरी बसतं. बोल्ट क्लीटवर (रॅफ्टरवर पर्लिन धरणारा लोखंडी तुकडा) तर हवेतच, लॅपच्या दोन्ही टोकांनाही हवेत.

वरच्या फ्लँजचं तोंड मात्र दोन्ही प्रकारांत आढ्याकडे. उतारावर पर्लिन खालच्या अंगाला कललेली असते. तोंड वर असलं की पत्र्याचा भार वेबच्या, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीच्या, जवळून उतरतो आणि पीळ कमी पडतो.

सॅग रॉड, म्हणजे पर्लिनी मधे एकमेकींना धरून ठेवणारी सळई, वाचवायला जाऊ नका. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस 875 भाग 3, त्यात नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, ताशी 140 किलोमीटर. असा वारा पत्रा वर उचलतो, तेव्हा पर्लिनचा खालचा फ्लँज दाबात येतो, आणि त्याला पत्र्याचा आधार नसतो. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पर्लिनला जागेवर वेल्डिंगही नको. जस्त जळतं, आणि त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात गंज तिथूनच धरतो.

सी वाईट नाही. दाराची चौकट, कडेची पट्टी, दोन समोरासमोर लावून खोका, अशा ठिकाणी सीच सोपी. त्या बागायतदारांची ट्रॅक्टरची शेडही निघाली एकाच गाळ्याची. त्यांना सीच दिली.