पेठ

पेठ : जुन्या मराठी शहरांतील, मुळात व्यापारासाठी वसवलेला आणि पुढे प्रामुख्याने राहत्या वस्तीचा झालेला नगरविभाग. पुणे, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, कऱ्हाड, जळगाव इ. शहरांत हे नाव रूढ आहे. नागपुरात इतवारी, मंगळवारी, शुक्रवारी अशी रूपे असून तेथे ‘पेठ’ हा शब्द गळून वार तेवढा उरला आहे.

व्युत्पत्ती : या शब्दाच्या मुळाविषयी एकमत नाही. संस्कृत ‘प्रतिष्ठा’पासून प्राकृत ‘पइट्ठा’मार्गे तो आला असे मानणाऱ्यांना ‘प्रतिष्ठान’चे ‘पैठण’ झाले, या दाखल्याचा आधार वाटतो. मात्र पैठणात टिकलेला ‘ऐ’ पेठेत का टिकला नाही, हे त्यातून उलगडत नाही. हिंदीत आठवड्याच्या बाजारासाठी ‘पैंठ’ हा शब्द आहे व त्याचे मूळ ‘पण्यस्थान’ असे दिले जाते. पेठेचे मूळही तेच असावे, असा दुसरा पक्ष. अर्थाच्या दृष्टीने तो सोयीचा खरा, पण मराठी रूपात अनुनासिकाचा मागमूस नाही. तिसऱ्या मतानुसार शब्द द्राविडी असून कन्नड पेटे, तेलुगू पेट व तमिळ पेट्टै ही त्याची भावंडे होत. यावरचा आक्षेप असा की, तेथे ‘ट’ आहे आणि मराठीत ‘ठ’. हा आक्षेप अगदीच क्षुल्लक म्हणता येत नाही. तरीही भूगोल तिसऱ्या मताकडे झुकतो. या शब्दाने सिद्ध झालेली स्थलनामे कृष्णेच्या खोऱ्यापासून दक्षिणेकडे दाट होत जातात. उत्तरेत त्यांची जागा गंज, मंडी, कटरा यांनी घेतलेली दिसते. शिवाय कन्नड–तमिळ प्रदेशांत किल्ल्यालगतची व्यापारी वस्ती हा जो अर्थ आढळतो, तोच मराठीतही जुना असावा. अहमदनगरला १८०३ मध्ये इंग्रजांनी ८ ऑगस्टला तटबंदीची पेठ घेतली आणि किल्ला मात्र १२ ऑगस्टला हाती आला. कोट वेगळा व पेठ वेगळी, ही विभागणी तोवर प्रत्यक्षात होती. ‘बाजारपेठ’ हा फारसी व देशी अशा दोन समानार्थी शब्दांचा जोड आहे.

कसबा व पेठ : मध्ययुगीन कागदपत्रांत कसबा (परगण्याचे मुख्य गाव) व पेठ या दोन संज्ञा बहुधा वेगळ्या येतात. कसब्याचा कारभार पाटील–कुलकर्ण्यांकडे, तर पेठेचा शेटे–महाजनांकडे असे. शेटेपण व महाजनकी ही वतने असून त्यांना वस्तीतील दुकानदार–कारागिरांकडून हक्क व मानपान मिळत. या दृष्टीने पुण्यातील ‘कसबा पेठ’ हे नाव काहीसे विसंगतच म्हणावे लागेल. तो शहराचा सर्वांत जुना भाग. पेठ ही उपाधी त्याला इतर पेठांच्या अनुकरणाने मागाहून चिकटली असावी.

नवी पेठ वसवताना सरकारातून कौल (सवलतींचे लेखी आश्वासन) दिला जाई. येणाऱ्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना काही वर्षे करमाफी, त्यानंतर चढत्या दराने आकारणी आणि घरासाठी जागा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असे. मुदत प्रत्येक कौलात निराळी आढळते. मुदत सरल्यावर उद्योगधंद्यांवरील मोहतर्फा व घरांवरील पट्टी लागू होई. पेठेतील जमिनीचे खासगी मालकीत रूपांतर होण्याची प्रक्रिया अशा कौलांपासून सुरू झाली, असे समजण्यास जागा आहे.

वारांची नावे : ज्या वारी जेथे बाजार भरे त्या वाराचे नाव त्या पेठेला मिळाले, ही समजूत सार्वत्रिक आहे. पुण्यापुरती तरी ती जपून स्वीकारावी. १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये तेथील अनेक पेठांची आधीची नावे नोंदलेली आहेत : शुक्रवार म्हणजे विसापूर, मंगळवार म्हणजे अष्टापुरा, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. बुधवार पेठ १७०३ च्या सुमारास औरंगजेबाच्या मुक्कामात मुहियाबाद या नावाने वसली, असे सांगितले जाते. शुक्रवार पेठेची उभारणी जिवाजीपंत खासगीवाले यांनी साधारणपणे १७३४ च्या आसपास केली असावी. वाराची नावे पुढे, पेशवाईत केव्हातरी स्थिरावली. सातही वार पुरे झालेले पाहता, प्रत्यक्ष बाजारापेक्षा नामकरणाची हौस अधिक कारणीभूत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सदाशिव, नारायण, नाना, रास्ता, घोरपडे ही नावे व्यक्तींवरून व घराण्यांवरून आलेली असून त्यांबाबत वाद नाही. साताऱ्यातील यादोगोपाळ व मल्हार या पेठाही याच प्रकारातल्या.

घरांची मालकी : पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे केवळ बंदोबस्त नव्हता. रस्ते, बोळ व घरे यांविषयीचे तंटे सोडवणे, घरबांधणीसाठी जागा देणे आणि घरांच्या व जागांच्या खरेदी–विक्रीच्या दस्तांची नोंद ठेवणे ही कामेही त्याच्याकडे होती. मालमत्तेच्या नोंदणीचे काम शहराच्या दैनंदिन कारभाराचाच भाग होते, ही बाब एरवी दुर्लक्षित राहते.

आज पेठेतील जागेला सातबारा उतारा नसतो. ती नगर भूमापनाखाली येत असल्याने मालमत्ता पत्रक (रूढ भाषेत प्रॉपर्टी कार्ड) पाहावे लागते. त्यावर सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक), क्षेत्र, सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे ते), धारक व फेरफार असतात. धारक म्हणून नाव असणे म्हणजे निर्विवाद मालकी नव्हे, आणि घरपट्टीची पावती तर त्याहून दुबळा पुरावा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. मुद्रांक शुल्क दस्तातील किंमत व वार्षिक दर तक्त्यानुसारचे मूल्य (रेडी रेकनर) यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारतात. वकील सामान्यतः मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेतात.

अडचण असते ती वारसांची. तीन–चार पिढ्यांत न झालेल्या वाटण्या, अर्धवट हक्कसोडपत्रे, नोंद न घातलेली मृत्युपत्रे यांमुळे एका वाड्याच्या पत्रकावर वीस–पंचवीस नावे असणे नवलाचे नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना सहदायादत्व (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा) मिळाल्यापासून जुन्या वाटण्यांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाते. एका सहहिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा विकला, तरी घेणाऱ्याला प्रत्यक्ष कोणती खोली मिळाली, हे वाटणी होईपर्यंत ठरत नाही.

दुसरी अडचण भाडेकरूंची. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतांश निवासी जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडले. वाड्याची डागडुजी मालकाला परवडेना आणि जागा सोडणे भाडेकरूला परवडेना. त्या कायद्याने निषिद्ध ठरवलेली पागडी (जागा देताना भाड्याखेरीज घेतली जाणारी एकरकमी रक्कम) व्यवहारात चालूच राहिली; १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने (अंमल ३१ मार्च २००० पासून) ती वैध झाली व भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. म्हणून भाडेकरू असलेला वाडा घेताना विकत घेतले जाते ते घर नसून बहुधा पुनर्विकासाची संधी असते.

पुनर्विकासालाही पेठेचे आकारमान आड येते. भूखंड लहान, दर्शनी बाजू अरुंद, शेजारभिंत सामाईक. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमात (रेरा) ५०० चौ. मी.पर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. पेठांतील कितीतरी इमारती त्यामुळे त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि ग्राहकाला करारनामा व मंजूर नकाशा यांवरच विसंबावे लागते. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मी.पर्यंत नव्या बांधकामास मनाई व पुढील २०० मी.पर्यंत नियंत्रण आहे. शनिवारवाड्याभोवतीचे पडके वाडे वर्षानुवर्षे तसेच राहण्यामागे हे एक कारण आहे. [→ वाडा].

वस्तीचे स्वरूप : आळी, बोळ, पार, हौद व तालीम हे पेठेतील वस्तीचे घटक. पुण्याचे हौद कात्रजहून नळाने आणलेल्या पाण्यावर भरत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या शनिवार व नारायण पेठांतील असंख्य जुने वाडे पडले आणि त्यांतील कुटुंबे नदीपलीकडे व दक्षिणेकडे पांगली.

जुन्या खरेदीखतांत मिळकतीची ओळख चतुःसीमेने दिलेली असे : पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी बोळ. नव्या दस्तांत सि.स.नं. आला तरी चतुःसीमा गेलेली नाही, आणि तीत पूर्वीच्या दस्तावरून उतरवून घेतलेली, केव्हाच वारलेल्या शेजाऱ्यांची नावे अजूनही आढळतात.