विकिरण सुरक्षा तंत्रज्ञ व्हायचे असल्यास : पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणीचा क्रम

रुग्णालयांतील एक्स-रे, सीटी स्कॅन आणि रेडिओथेरपी विभागांत, तसेच चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या औष्णिक वीज केंद्रांत बॉयलरच्या वेल्डिंगची रेडिओग्राफी (भेदक किरणांनी तपासणी) होते तेथे, विकिरणाच्या (रेडिएशनच्या) सुरक्षिततेची जबाबदारी प्रशिक्षित माणसांवर सोपवावी लागते. हे क्षेत्र अणुऊर्जेविषयीचा केंद्रीय कायदा आणि विकिरण संरक्षणाचे नियम यांच्या चौकटीत चालते व त्यावर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. गावाकडच्या विद्यार्थ्यांना ‘मंडळमान्य सुरक्षा अधिकारी’ होण्याचे प्रमाणपत्र काही आठवड्यांत देण्याची जाहिरात दिसते, तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी पुढील क्रम नीट समजून घ्यावा. कारण विकिरण सुरक्षा अधिकारी या पदासाठी नामनिर्देशन नोकरी देणारी संस्था करते आणि त्यास मान्यता मंडळ देते. खासगी शिकवणीचे प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

रुग्णालयाचा मार्ग बारावी विज्ञान शाखेपासून सुरू होतो. निदानासाठीच्या एक्स-रे विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करण्यास मान्यताप्राप्त संस्थेचा, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासह किमान एक वर्षाचा रेडिओग्राफी अभ्यासक्रम उत्तीर्ण असावा लागतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. (पॅरामेडिकल तंत्रज्ञान) हा पदवी अभ्यासक्रम याहून पक्का पाया देतो, असे माझे मत आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तो उपलब्ध आहे. प्रवेशाचे निकष त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावेत. अभ्यासक्रम संपल्यावर महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेकडील नोंदणी लांबणीवर टाकू नये.

भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्र आणि न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन यांच्या स्टायपेंडरी ट्रेनी (विद्यावेतनावरील प्रशिक्षणार्थी) भरतीचा मार्ग आहे. तेथे सामान्यतः किमान 60 टक्के गुण मागतात. एम.एस्सी. भौतिकशास्त्र असल्यास भाभा केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्समधील एक वर्षाचा डिप्लोमा रेडिओथेरपीकडे नेतो.

खरी दमछाक कागदपत्रांत होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार ही यादी सर्वांना ठाऊक असते. पण गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावात एका ठिकाणी ‘राव’ व दुसऱ्या ठिकाणी नाही, असे फरक अर्ज भरण्याआधीच दुरुस्त करून घ्यावेत. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांचा रहिवास व जात दाखवणारा जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा. विदर्भात यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल फार कामी येते. आजोबा-पणजोबांच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद गाव व वर्ष सांगून शोधावी लागते आणि कित्येकदा पाने इतकी जीर्ण असतात की नोंद सापडण्यास आठवडे जातात, म्हणून बारावीच्या परीक्षेपूर्वीच अर्ज द्यावा. आणखी एक फरक लक्षात ठेवावा : केंद्राच्या भरतीत विमुक्त-भटक्यांसाठी स्वतंत्र आरक्षण नाही. आपला समाज केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत असेल, तरच केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रावर सवलत मिळते. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र तेथे चालत नाही.

नोकरी लागल्यावर पुढची पायरी येते. विकिरण कामगाराचे वय किमान 18 वर्षे असावे लागते आणि कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते. मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, शैक्षणिक प्रमाणपत्रे व छायाचित्र देऊन विकिरण व्यावसायिक म्हणून नोंदणी करता येते. त्यानंतर संस्था आपल्या खात्यातून पात्र कर्मचाऱ्याला सुरक्षा अधिकारी म्हणून नामनिर्देशित करते. ही मान्यता त्या संस्थेपुरती असते, त्यामुळे नोकरी बदलल्यास ती पुन्हा घ्यावी लागते.

प्रत्येक कामगाराला अंगावर पडलेल्या विकिरणाची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज मिळतो. त्यातील ॲल्युमिनियमच्या पट्टीवर विकिरणाची ऊर्जा साठवून ठेवणाऱ्या तीन चकत्या असतात आणि साधारणपणे दर तीन महिन्यांनी बॅज मोजणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. तो छातीच्या उंचीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो. बाहेर लावल्यास अंगावर पडलेल्या मात्रेपेक्षा आकडा जास्त येतो, आणि टेबलाच्या खणात विसरला तर तो आकडाच निरर्थक ठरतो. भारतात कामगाराच्या मात्रेची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (विकिरण मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट अशी आहे. नोकरी सोडताना आपल्या मात्रेच्या नोंदीची प्रत आणि बॅजचा वैयक्तिक क्रमांक लेखी मागून घ्यावा, कारण नवीन संस्थेत त्याच क्रमांकावर नोंद पुढे चालू ठेवायची असते.