फॅक्टॉइड

छापून येण्यापूर्वी जिला अस्तित्वच नव्हते, पण छापून आल्यामुळे जी खरी मानली जाऊ लागली, अशी माहिती. अमेरिकन लेखक नॉर्मन मेलर यांनी १९७३ साली मेरिलिन मन्रोच्या चरित्रात हा शब्द घडवला, असे कोशकार सामान्यतः मानतात.

यातील ‘फॅक्ट’ लॅटिन ‘फाक्तुम’ (केलेली गोष्ट) वरून आला. ‘ऑइड’ हा प्रत्यय ग्रीक ‘एइदोस’ (रूप) पासूनचा. ॲस्टेरॉइड (लघुग्रह) दुर्बिणीतून ताऱ्यासारखा दिसतो, तारा नसतो, तसेच हे. पुढे अमेरिकन दूरचित्रवाणीवर चुटकुल्यासारख्या, पण खऱ्या माहितीलाही फॅक्टॉइड म्हणू लागले. प्रत्यय लघुत्वदर्शक समजला गेल्याने असे झाले असावे. या अर्थासाठी अमेरिकन स्तंभलेखक विल्यम सफायर यांनी ‘फॅक्टलेट’ सुचवला. तो फारसा रुळला नाही. कोशांत आता दोन्ही अर्थ सापडतात. येथे पहिला घेतला आहे.

मराठीत ‘तथ्याभास’ चालावा. न्यायशास्त्रातील (भारतीय तर्कशास्त्रातील) ‘हेत्वाभास’ याच घडणीचा आहे: हेतूसारखा (अनुमानाच्या कारणासारखा) दिसणारा, पण हेतू नसलेला. वावडी, कंडी, लोणकढी थाप हे शब्द जवळचे खरे, पण वावडी कोणीतरी उठवतो आणि कंडी कोणीतरी पिकवतो. तथ्याभास सांगणाऱ्याचा मात्र त्यावर बहुधा प्रामाणिक विश्वास असतो.

मुंबईपुरते ठळक उदाहरण शहराच्या इंग्रजी नावाचे. पोर्तुगीजांनी ‘बॉम बाइया’ (चांगला उपसागर) म्हटले, त्याचे बॉम्बे झाले, ही व्युत्पत्ती अजून सर्रास दिली जाते. परंतु पोर्तुगीजमध्ये ‘बाइया’ स्त्रीलिंगी आहे. विशेषण ‘बोआ’ हवे, ‘बॉम’ नव्हे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने १८८६ मध्येच हे व्याकरण चुकीचे ठरवून इतिहासही त्याला अनुकूल नसल्याचे म्हटले होते. मुंबादेवीवरून नाव आले हे मत अधिक ग्राह्य वाटते. पोर्तुगीज ‘बोंबाइम’ हे त्याच नावाचे उच्चारभ्रष्ट रूप असावे.

मुंबईची सातही बेटे इंग्लंडच्या राजाला पोर्तुगालकडून आंदण मिळाली, हेही याच जातीचे विधान. राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगीज राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन यांच्या विवाहाचा तह १६६१ चा. फेब्रुवारी १६६५ मध्ये इंग्रजांच्या वतीने हम्फ्री कुक याने ताबा घेतला, तो मुख्यतः मुंबई बेटाचा. माहीम तहात येत नाही, अशी पोर्तुगीजांची भूमिका होती. कुकने ते नंतर बळकावले.